करलेखापरीक्षण

व्यवसायाचे किंवा पेशाचे हिशेब आयकराच्या दृष्टीने सनदी लेखापालाकडून (सीए) तपासून घेऊन विहित नमुन्यात अहवाल सादर करण्याची भारतातील वैधानिक पद्धत. तपासनीस करदाता स्वतः नेमतो. आयकर खात्याची कलम १४३(२) खालील छाननी ही वेगळी बाब; ती करनिर्धारण अधिकारी करतो. नोंदीतील कलमांक, नमुने व करनियम १९६१ च्या आयकर अधिनियमाखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली.

सक्तीच्या तपासणीचे मूळ सामान्यतः प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांच्छू समितीच्या १९७१ च्या अहवालात शोधले जाते. कलम १४२(२ए) मधील विशेष लेखापरीक्षण १९७६ पासून अमलात असल्याने तेच पहिले पाऊल मानावे, असेही म्हणता येईल. मात्र ते अधिकाऱ्याच्या आदेशावर अवलंबून असते. सरसकट सक्ती १९८४ च्या वित्त अधिनियमाने घातलेल्या कलम ४४एबी मुळे आली, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. ज्यापुढे तपासणी सक्तीची होते, ती वार्षिक उलाढालीची किंवा जमेची आरंभीची मर्यादा व्यवसायासाठी ४० लाख आणि पेशासाठी १० लाख रुपये होती. ती पुढे अनुक्रमे १ कोटी व ५० लाख झाली. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च या दोन्ही बाजू प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असल्यास व्यवसायाला १० कोटींपर्यंत सूट मिळते. येथे बेअरर चेकही रोखीतच धरला जातो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

खरा वाद ‘उलाढाल’ कशाला म्हणावे याचा. अधिनियमात या कलमापुरती व्याख्या नाही. बाजार समितीतील आडतीबाबत (मालविक्रीवरील दलालीबाबत) केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे १७ मार्च १९८६ चे परिपत्रक क्र. ४५२ आधारभूत आहे. कच्चा आडत्या केवळ मालधन्याचा प्रतिनिधी असल्याने त्याची फक्त आडत मोजायची. पक्का आडत्या स्वतःच्या नावावर जोखीम घेतो, म्हणून त्याची पूर्ण विक्री मोजायची. एकाच गाळ्यावर दोन्ही प्रकार चालत असतील, तर खाती वेगळी ठेवल्याशिवाय हा भेद सिद्ध करणे अवघड जाते. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअर बाजारातील वायद्यांच्या करारांत) कराराची पूर्ण रक्कम न घेता सौद्यांतील नफा आणि तोटा, दोहोंची चिन्हे सोडून बेरीज घेतात. ऑप्शन विक्रीचा प्रीमियम त्यात पुन्हा मिळवावा का, याबद्दल मतभेद होते. प्रीमियम नफ्याच्या गणनेत आधीच आला असेल तर तो पुन्हा धरू नये, ही सनदी लेखापाल संस्थेची नंतरची भूमिका सयुक्तिक आहे.

कंपनी कायदा वा अन्य कायद्याने हिशेब तपासलेले असतील तर नमुना ३सीए, नसतील तर ३सीबी. दोन्हींसोबत ३सीडी हे तपशीलपत्रक जोडतात. ते भरताना भविष्यनिर्वाह निधीच्या तारखा बारकाईने पाहाव्या लागतात. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी एक दिवस उशिरा भरली तरी ती वजावट कायमची जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे निश्चित केले. एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च अमान्य होतो; व्हाउचर फोडून लिहिली तरी बेरीज धरली जाते.

अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. चुकल्यास उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतील कमी ती शास्ती; वाजवी कारण दाखवल्यास ती टळू शकते. आयकर खात्याच्या पोर्टलवर करदात्याने सीएची नेमणूक नोंदवायची, सीएने ती स्वीकारून अहवाल चढवायचा आणि करदात्याने तो मान्य करायचा, असा क्रम असतो. ही शेवटची मान्यता राहून गेली की अहवाल सादर झालेला नसतो. सप्टेंबरअखेरच्या धावपळीत हेच वारंवार घडते. अहवालावरील अठरा अंकी यूडीआयएन (दस्तऐवजाचा ओळख क्रमांक) सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो.

जो वह्या लिहितो किंवा अंतर्गत तपासणी करतो, त्याच्याकडून हे काम करून घेता येत नाही. नातेवाईक व भागीदारही अपात्र ठरतात. एका सीएने वर्षाला ६० पेक्षा अधिक अहवाल देऊ नयेत, हा संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वैध ठरवला. म्हणून नेमणूक उन्हाळ्यातच केलेली बरी. पुढे छाननी निघाल्यास कलम २८८ नुसार सीए किंवा वकील अधिकृत प्रतिनिधी म्हणून बाजू मांडू शकतो, पण कलम १३१ खाली शपथेवर जबाबासाठी बोलावल्यास करदात्याला स्वतः हजर राहावे लागते. विशेष लेखापरीक्षणात तपासनीस खाते नेमते व त्याचे शुल्क जून २००७ पासून केंद्र सरकार भरते.