'नस फुटली', त्यानंतर : सुट्टीच्या कागदाची पार्श्वभूमी

मेंदूतल्या धमनीच्या फुग्यावर उपचार करून नागपूर किंवा सेवाग्रामहून रुग्णाला सुट्टी मिळते, तेव्हा घरच्यांच्या हाती एक कागद येतो. दर चार तासांनी दोन गोळ्या, रात्रीसुद्धा. जोर लावायचा नाही. क्लिपचं कार्ड जपा. सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी. कारण ठाऊक नसलं की यातलं जे अवघड, ते आधी सुटतं. खरं तर यातली एकेक ओळ कुणाच्या तरी जिवाच्या मोलावर लिहिली गेली आहे.

गावात मेंदूतल्या कुठल्याही रक्तस्रावाला 'नस फुटली' म्हणतात. हा प्रकार वेगळा. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथली भिंत कमजोर होऊन, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा फुगवटा येतो. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतं. डोकं क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखतं. ओकारी होते, काही तासांत मान ताठते. मे महिन्यात वावरात असं झालं की 'ऊन लागलं' म्हणून कांद्याचा रस आणि सलाईन यांवर दिवस जातो. डोकेदुखीवर ॲस्पिरिनची गोळी दिली तर रक्त गोठणं मंदावतं, म्हणजे नुकसान दुहेरी.

१९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं पहिलं छायाचित्र काढलं. फुगा नेमका कुठे आहे, हे त्यानंतरच दिसू लागलं. त्याआधी हाती उपाय होते ते मानेतली मोठी धमनी बांधणं, नाहीतर नुसतं झोपवून ठेवणं. २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप, म्हणजे फुग्यात रक्त जाऊ नये म्हणून लावायचा बारीक चिमटा, बसवली. त्या रुग्णाची एका डोळ्याची पापणी पडली होती, कारण फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता. हे लक्षण आजही तितकंच मोलाचं आहे : पापणी अचानक पडली, बाहुली मोठी झाली आणि सोबत डोकं दुखत असेल, तर चष्म्याच्या दुकानाकडे नव्हे, स्कॅन असलेल्या दवाखान्याकडे निघावं.

क्लिपचं कार्ड जपायचं ते यासाठी. जुन्या काही क्लिपा चुंबकाला ओढल्या जायच्या, आणि एमआरआयच्या यंत्रात क्लिप हलून रुग्ण दगावल्याची नोंद आहे. आताच्या टायटॅनियमच्या क्लिपांना तो धोका नाही. पण दहा वर्षांनी कंबरेच्या एमआरआयसाठी गेलात तर आत कुठली क्लिप आहे ते तंत्रज्ञाला हे कार्डच सांगतं. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

डोकं न उघडता, जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरायची, ही डॉक्टर गुग्लिएल्मी यांची पद्धत १९९० पासूनची. दोन्ही उपाय शक्य असलेल्या २,१४३ रुग्णांची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण क्लिपनंतर १०० पैकी सुमारे ३१ होतं, तारेनंतर सुमारे २४. मात्र तार काळाने दबते आणि फुगा पुन्हा भरू शकतो. सहा महिन्यांची अँजिओग्राफी त्यासाठी असते. 'बरं वाटतंय' म्हणून ती टाळणं ही आम्हाला सगळ्यांत घातक चूक वाटते. स्टेंट (धमनीत बसवायची जाळीची नळी) बसवला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. दात काढायचा म्हणून त्या स्वतःच्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन लकवा मारू शकतो.

आता त्या दर चार तासांच्या गोळ्या. रक्तस्रावानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत धमन्या आवळतात. ऑपरेशन उत्तम होऊनही पुष्कळ रुग्ण याच काळात खालावायचे. १९८० च्या दशकातल्या चाचण्यांनी निमोडिपिन या औषधाचा, म्हणजे याच गोळ्यांचा, उपयोग दाखवला. मात्रा ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या दिवसाला १२, एकूण २५२ गोळ्या. हे औषध बीपीच्या गोळ्यांच्याच जातीचं असलं तरी इथे बीपी उतरवायला दिलेलं नसतं. म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' हे ते सोडायचं कारण नव्हे. चक्कर आली, बीपी फार उतरलं तर डॉक्टर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी करतात. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळेलच असं नाही, तेव्हा उरलेल्या सगळ्या गोळ्या निघतानाच घ्या आणि मोबाईलवर सहा गजर लावा. याच काळात अंगातलं पाणी कमी पडू देऊ नका. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे मुद्दाम सांगावं लागतं. आणि रक्तातलं सोडियम घसरतं, म्हणून बीपीचा विचार करून मीठ बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कुंथणं, कापसाचं गाठोडं किंवा खताची पोती उचलणं, मोटरसायकल चालवणं हे डॉक्टर मोकळीक देईपर्यंत बंद. बिडी-सिगारेट मात्र कायमची बंद. फुगा होण्याचं आणि फुटण्याचंही ते ठळक कारण आहे. खर्रा त्याऐवजी चालतो असं कुणी समजू नये, त्यातही तंबाखूच आहे.

२०१२ साली सरकारी जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती हे जिल्हे होते, २०१४ पासून १०८ ची गाडी आली. तरी गडचिरोली ते नागपूर अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे तेवढंच आहे. म्हणून घरी कशावर नजर ठेवायची हे ठरलेलं असावं. महिनोन्महिने थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड हे अपेक्षित आहे. पण काही आठवड्यांनी चाल अडखळू लागली, कपड्यांत लघवी होऊ लागली आणि माणूस सुस्तावत गेला, तर मेंदूत पाणी साचलेलं असू शकतं. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं, आणि शंटची, म्हणजे ते पाणी मेंदूतून बाहेर वळवणारी, नळी बसवून उतरवता येतं.