गणवेश: सारखेपणाचा कपडा आणि त्याच्या वाटपाची गोष्ट

गणवेश हवा की नको, हा वाद दर जूनमध्ये नव्याने निघतो. शिस्त लागते आणि गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो, असं एक बाजू म्हणते. पालकांवर खर्च पडतो आणि मुलांना एका साच्यात घातलं जातं, असं दुसरी म्हणते. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद आणि पालिका शाळांत मात्र खरा प्रश्न वेगळा आहे: हा कपडा कुणाला मिळतो आणि कधी मिळतो?

मुळात गणवेश समतेसाठी जन्मला नाही. लंडनमध्ये १५५२ साली गरीब आणि निराधार मुलांसाठी 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' ही शाळा निघाली. तिथल्या मुलांच्या अंगावर लांब निळा डगला असे. धर्मादायावर शिकणारं मूल त्या कपड्यावरून ओळखू येई. श्रीमंतांच्या शाळांत गणवेश रुळला तो बराच पुढे, १९व्या शतकात, आणि मग तोच प्रतिष्ठेची खूण ठरला. आपल्याकडे तो इंग्रजी अमलातल्या शाळांमधून आला.

मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा झाला तो पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी. मुलींना पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट. असं कापड तालुक्याच्या बाजारात कुठेही मिळे आणि गावचा शिंपी ते शिवून देई. थोरल्याचा सदरा धाकट्याला चाले. गणवेशाच्या बाजूने बोलताना ही सोय फारशी कुणी सांगत नाही, पण गरीब घराला खरा आधार तिचाच होता.

शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाल्यावर सर्व शिक्षा अभियानातून मोफत गणवेशासाठी विद्यार्थ्यामागे दोन जोडांचे ४०० रुपये मिळू लागले. २०१८ नंतर समग्र शिक्षा योजनेत ते ६०० झाले. लाभार्थी ठरले पहिली ते आठवीच्या सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातींचे मुलगे आणि दारिद्र्यरेषेखालचे मुलगे. म्हणजे एकाच बाकावरच्या दोघा मुलांपैकी एकाला गणवेश मिळे, दुसऱ्याला नाही. भेद पुसणारा कपडाच जात आणि उत्पन्न पाहून वाटला जात होता. हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत बोचणारं वाटतं. उरलेल्या मुलग्यांनाही गणवेश देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. सोबत बूट आणि पायमोजेही आले. तो निर्णय योग्यच होता.

त्याच वर्षी 'एक राज्य एक गणवेश' ही घोषणा झाली. तोवर शाळा व्यवस्थापन समिती, म्हणजे गावातले पालक आणि शिक्षक, कापड घेऊन कपडे शिवून घेत. २०२४-२५ साठी कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. दुसरा जोड स्काउट-गाइडचा ठरला. बायकांना काम मिळावं हा हेतू चांगला होता. पण ४० लाखांहून अधिक मुलांची मापं एका जागेवरून सांभाळणं जमलं नाही. अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचला नव्हता; जिथे पोचला तिथे कुणाला तोकडा, कुणाला ढगळ. ऐन पावसाळ्यात ज्या मुलाकडे एकच जोड आहे, त्याने तो धुवायचा कधी आणि वाळवायचा कुठे? दोन जोड देण्यामागचं कारणच हे आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने केंद्रीकरण मागे घेतलं आणि २०२५-२६ पासून कापडखरेदी व शिलाई पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. ज्यांनी मुलांना रोज पाहिलं आहे त्यांच्याकडेच हे काम शोभतं. पण दर बदलला नाही: एका जोडाला ३०० रुपये. त्यात सातवी-आठवीच्या मुलाचं कापडही आलं आणि शिलाईही. हा दर वाढवून पैसे उन्हाळ्याच्या सुट्टीतच समितीच्या खात्यावर जमा झाले, तरच शिंप्याला जूनपर्यंत वेळ मिळेल.