आरोग्यसेवकांमधील विषाणुसंसर्ग (बेळगाव सीमाभाग)

रुग्णाची तपासणी, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, रक्त वा घशातील नमुने घेणे आणि रुग्णालयातील कचरा हाताळणे अशा कामांच्या ओघात आरोग्यसेवकाला जडणारा विषाणुजन्य संसर्ग. ‘आरोग्यसेवक’ या संज्ञेत डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेचे चालक, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार आणि आशा कार्यकर्त्या यांचाही समावेश करणे आवश्यक आहे. जुन्या लेखनात तो क्वचितच आढळतो. प्रस्तुत नोंदीत कर्नाटकातील बेळगाव जिल्हा व त्याला लागून असलेला हल्याळ-जोयडा-कारवारपर्यंतचा मराठीभाषक पट्टा प्रामुख्याने विचारात घेतला आहे.

या भागातील रुग्ण राज्याची हद्द पाहून दवाखाना निवडत नाही. चंदगड-गडहिंग्लजकडील माणसे उपचारांसाठी बेळगावला येतात, तर निपाणी, रायबाग, अथणी येथील अनेकजण कोल्हापूर किंवा मिरज गाठतात. परिणामी आजाराची सुरुवात कोठे झाली, आधी कोणत्या डॉक्टरांनी काय औषध दिले आणि घरात आणखी कोणाला ताप होता, ही माहिती पुष्कळदा तुटक स्वरूपात पुढे येते. आरोग्यसेवकाला सर्वांत मोठा धोका निदान झालेल्या रुग्णापासून नसून निदान होण्यापूर्वीच्या रुग्णापासून असतो, हे भारतातील उपलब्ध उदाहरणांवरून दिसते. सिलिगुडी येथे २००१ च्या प्रारंभी आलेल्या साथीत ६६ रुग्णांपैकी ४५ दगावले आणि बाधितांत रुग्णालयाचे कर्मचारी व भेटीस आलेली माणसे यांचे प्रमाण मोठे होते. ही साथ निपा या वटवाघळांकडून माणसात येणाऱ्या विषाणूची होती हे पुढे साठवलेल्या नमुन्यांवरून निश्चित झाले. गुजरातेत साणंदजवळच्या कोलाट गावातील रुग्णेवर जानेवारी २०११ मध्ये उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराने (गोचिडांमार्फत व बाधिताच्या रक्तातून पसरणाऱ्या विषाणुज्वराने) मरण पावले. मे २०१८ मध्ये केरळातील पेरांब्रा तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुदुश्शेरी यांचा निपाने झालेला मृत्यू याच प्रकारचा होता.

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणूंबाबत ‘थेंब की हवा’ हा, म्हणजे विषाणू जवळच पडणाऱ्या थेंबांतून जातो की हवेत तरंगून दूरवर, हा वाद शतकाहून जुना आहे. जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९० च्या दशकात बोलताना व खोकताना उडणाऱ्या थेंबांतील जंतू दाखवून दिले. अमेरिकी आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये स्पर्श व निकट संपर्क यांवर भर देऊन हवेतील संसर्गाचे महत्त्व कमी लेखले आणि सार्वजनिक आरोग्याच्या शिकवणीवर या मताचा दीर्घकाळ पगडा राहिला. अमेरिकी संशोधक विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये जमिनीवर पडणारे मोठे थेंब आणि थेंब वाळून उरणारे व हवेत तरंगत राहणारे सूक्ष्म कण (केंद्रके) यांत भेद केला. त्यांच्या मांडणीत ही सीमा सुमारे १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येते. मात्र पुढील पाठ्यपुस्तकांत ती ५ मायक्रॉन अशी रूढ झाली. फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचणाऱ्या क्षयरोगाच्या कणांचे माप थेंब व हवा यांच्या सीमेशी नकळत मिसळले गेले असावे, असे अलीकडील काही अभ्यासकांचे मत असून ते अधिक ग्राह्य वाटते. पश्चिम जर्मनीतील मेशेडे येथील रुग्णालयात १९७० मध्ये अलग ठेवलेल्या एका देवीच्या रुग्णापासून वरच्या मजल्यांवरील माणसांना लागण झाली होती, हा पुरावाही हवेतून संसर्ग होतो या बाजूने जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये थेंब व हवा ही काटेकोर विभागणी सोडून ‘संसर्गजन्य श्वसनकण’ अशी व्यापक संज्ञा स्वीकारली. या वादाचे व्यावहारिक फलित म्हणजे साधा शस्त्रक्रियेचा मास्क केव्हा पुरेसा आणि एन-९५ केव्हा अनिवार्य, याचा निर्णय. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीबाहेर गेल्यावरही सुमारे दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. खानापूरच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात खिडक्या लावून चालणाऱ्या दवाखान्यांत या गोष्टीचे महत्त्व सहज लक्षात यावे.

देवीच्या संदर्भात बेळगावचे एक स्थान आहे. टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ या नावाने आजही ओळखल्या जाणाऱ्या परिसरात वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार करणारी संस्था विसाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा १९०४ च्या सुमारास, सुरू झाली. तेथील कामात देवीचा मूळ विषाणू नव्हे तर लशीचा सौम्य विषाणू वापरला जाई.

माकडताप, म्हणजेच क्यासनूर अरण्यज्वर, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१६ च्या सुमारास गोव्यातील सत्तरी भागात काजूच्या हंगामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांत, तसेच सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडांमार्फत पसरतो आणि माणसाकडून माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांनी अशा रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेत मात्र त्याची लागण अनेकदा झाली आहे. तापाच्या रुग्णाचे रक्त हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला जंगलातील वास्तव्याची पूर्वकल्पना देणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

करोनाच्या काळात कोगनोळी टोल नाक्यावर प्रवाशांची तपासणी करणारे कर्मचारी व घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांना रोग्याशी पहिला संपर्क रुग्णालयाबाहेरच येत होता. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८०,००० ते १,८०,००० आरोग्यसेवक दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या ५० लाख रुपयांच्या विम्यात आशा व कंत्राटी कर्मचारी यांचाही समावेश होता.

साथीचे रोग येतात आणि ओसरतात. रक्तातून होणाऱ्या संसर्गाचा धोका मात्र रोजचा आहे. बाधित रुग्णासाठी वापरलेली सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. हिपॅटायटिस-सी संबंधीचा पूर्वीचा सुमारे १.८ टक्क्यांचा अंदाज नव्या अभ्यासांत बराच खाली आला आहे. बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि सीमेपलीकडील सांगली या पट्ट्यात १९९० च्या दशकापासून एचआयव्हीचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक राहिल्याने येथील कर्मचाऱ्यांत एचआयव्हीचीच भीती जास्त दिसते. वस्तुतः हिपॅटायटिस-बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो आणि तो अधिक सहज लागतो. त्यावर लस उपलब्ध असताना सफाई कामगार तिच्यावाचून राहणे हे समर्थनीय नाही. ही लस ०, १ व ६ महिने अशा तीन मात्रांत देतात.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये आणि ती पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम व रूढ कार्यपद्धती सांगतात. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी. ती पिळू नये. एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. कणकुंबी, जांबोटी यांसारख्या दूरच्या आरोग्यकेंद्रांतील कर्मचाऱ्याला बेळगावपर्यंतचा प्रवास करून पहिली मात्रा मिळवावी लागली, तर त्या दोन तासांतील बराच वेळ रस्त्यातच जातो; म्हणून ती तेथेच ठेवणे इष्ट होय.