स्विस बँकेत खातं म्हणजे नेमकं काय? (आमच्या ग्राहकांसाठी)

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी खुर्ची पुढे ओढतं, आवाज खाली घेतं आणि विचारतं, "साहेब, ते स्विस बँकेचं खरंच असतं का हो?" डोक्यात हिंदी पिक्चरमधली काळी ब्रीफकेस असते. तेच तेच सांगून आमचा घसा बसला, म्हणून हे पत्रक.

आधी हे घ्या की "स्विस बँक" नावाची एकच बँक नाहीये. यूबीएससारखी अवाढव्य बँक आहे, बहुतेक कॅन्टनच्या (म्हणजे त्यांच्या राज्यांच्या) बँका आहेत, आणि या सगळ्यांहून वेगळी जात म्हणजे प्रायव्हेट बँकर. आपल्याकडे बँक चकाकतं कार्ड देते, एक आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) मागे लावते आणि त्याला प्रायव्हेट बँकिंग म्हणते, ते हे नव्हे. जुन्या स्विस अर्थानं ही भागीदारी पेढी, आणि त्यात भागीदाराची जबाबदारी अमर्याद, म्हणजे पेढी बुडाली तर त्याचं राहतं घरसुद्धा देणेकऱ्यांकडे जाऊ शकतं. आपल्या जुन्या सराफी पेढ्या आठवा, तशातलाच प्रकार. झुरिकची रान उंड बोडमर १७५० पासून, जिनिव्हाची लोंबार ओडिए १७९६ पासून आणि पिक्टे १८०५ पासून चालू आहे. यांचं मुख्य काम कर्ज वाटणं नव्हे, तर एकाच घराण्याचे शेअर-बाँड पिढ्यानपिढ्या सांभाळणं, आणि ज्याचं स्वतःचं घर टांगलेलं असतं तो दुसऱ्याच्या पैशाशी उगाच जुगार खेळत नाही, आमच्या मते या परंपरेतली खरी भारी गोष्ट हीच, गुप्तता नाही. पण पिक्टे आणि लोंबार ओडिए दोघींनीही २०१४ च्या सुरुवातीला ती अमर्याद जबाबदारी सोडली, आता जुन्या पद्धतीच्या पेढ्या हातावर मोजण्याइतक्या उरल्यात.

आता गुप्ततेचं. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये पोलिसांनी बाझलच्या एका बँकेच्या माणसांवर धाड टाकली, हाती लागली फ्रेंच ग्राहकांची यादी, त्यात सिनेटर होते आणि बिशपसुद्धा! बोंबाबोंब झाली. त्यानंतर १९३४ च्या बँकिंग कायद्यात कलम ४७ आलं, ग्राहकाची माहिती फोडली तर बँकवाल्याला जेल. नंबरचं खातं म्हणजे कागदोपत्री नावाऐवजी नंबर, पण नाव बँकेतल्या मोजक्या लोकांना माहीत असायचंच, निनावी असं काही नव्हतं. पत्रंही घरी पाठवायची नाहीत, बँकेतच ठेवायची, ग्राहक वर्षातून एकदा येणार, गठ्ठा वाचणार, फाडून टाकणार आणि परत जाणार.

ते दिवस संपले. २००९ मध्ये यूबीएसनं अमेरिकेला ७८ कोटी डॉलर भरले आणि हजारो खात्यांची माहिती द्यायचं कबूल केलं. सेंट गालनची वेगेलिन, १७४१ ची, देशातली सगळ्यात जुनी बँक, तिनं जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात अमेरिकन ग्राहकांना टॅक्स चुकवायला मदत केल्याचं कबूल केलं आणि दुकान बंद केलं. पावणेतीनशे वर्षांच्या आसपासची पेढी, अशी गेली.

आपल्या कामाचं म्हणजे, सप्टेंबर २०१९ पासून भारतीय रहिवाशांच्या खात्यांची माहिती स्वित्झर्लंडकडून दरवर्षी आपोआप इन्कम टॅक्सकडे येते, कोणी मागायची गरज नाही.

म्हणून आम्हाला काळजी ब्रीफकेसवाल्यांची नाही, साध्या माणसांची वाटते. आमच्याकडे एक ताई आल्या, सहा वर्षं झुरिकला आयटीत नोकरी करून पुण्यात परतलेल्या, तिथलं पगाराचं खातं आणि पेन्शनची बचत तशीच चालू. "थोडेच तर आहेत, कशाला दाखवायचे" म्हणून त्या दरवर्षी आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरत होत्या. खातं ठेवण्यात काहीच गैर नाही, परदेशात राहताना कमावलेलं परत आल्यावरही ठेवता येतं. पण टॅक्सच्या हिशोबानं तुम्ही पूर्ण रहिवासी झालात (परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं सवलत मिळते, प्रत्येकाचं गणित वेगळं) की रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावंच लागतं, आणि परदेशात खातं असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. नाही दाखवलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, घर-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण सूट दंडाला आहे, दाखवण्याला नाही, हे लोक हमखास विसरतात.

इथे राहून नवीन खातं उघडायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये (परदेशात पैसे पाठवायच्या योजनेत) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत कायदेशीर पाठवता येतात. फक्त तिथे ठेव विमा एका बँकेत १ लाख फ्रँकपर्यंतच आहे. शेअर-बाँड मात्र तुमच्या मालकीचे असतात, बँक बुडाली तरी ते देणेकऱ्यांच्या वाटणीत जात नाहीत.

येताना पासपोर्ट आणा (भारतात किती दिवस राहिलात ते शिक्क्यांवरून मोजावं लागतं) आणि खात्याचं ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट आणा, आपल्या मार्चचं नाही, शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षावर चालतं. स्टेटमेंट जर्मनमध्ये असलं तरी चालेल, आकडे आम्हाला वाचता येतात.