'महिन्यातून दोनदा' की 'दर चौदा दिवसांनी'? लॉन कापणाऱ्याचं कॅलेंडर आणि रेट

आधी एक खुलासा. पुण्यात मी 'लॉनचा धंदा आहे' असं म्हटलं की समोरचा लगेच मे महिन्यातली तारीख मोकळी आहे का विचारतो, पाठोपाठ ताट कितीला पडेल तेही. ते लॉन नव्हे हो. आमचं लॉन म्हणजे बंगल्यापुढचं, सोसायटीतलं गवत. ते वाढतं, आम्ही जाऊन कापतो. एक छोटा हत्ती, दोन पोरं, एक मोवर (चाकांवर ढकलत न्यायचं गवत कापायचं मशीन), दोन ग्रास कटर (हे हातात धरून मारायचे), एवढाच पसारा.

या धंद्यात नवीन उतरलेली पोरं मला रेट विचारतात. स्क्वेअर फुटाला किती लावू, तासाला किती लावू वगैरे. मी म्हणतो ते नंतर बघू, आधी सांग तू गिऱ्हाइकाला 'महिन्यातून दोनदा येतो' म्हणालास की 'दर चौदा दिवसांनी येतो' म्हणालास? त्यावर ठरलेलं उत्तर, "एकच की दादा ते." मीही पहिली दोन वर्षं एकच समजत होतो, आणि त्या दोन वर्षांत किती पैसे सोडले त्याचा हिशोब नंतर एकदा बसून केला तेव्हा जेवण गेलं नाही.

घोळ आपल्या बोलण्यातच आहे म्हणा. सोमवारी भेटलेला माणूस 'आठ दिवसांनी येतो' म्हणतो आणि पुढच्या सोमवारी येतो, म्हणजे सात दिवसांनी. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदा. पंधरवडा म्हणाल तर तो पंचांगातला, अमावस्या ते पौर्णिमा, तो कधी चौदा दिवसांचा कधी पंधरा. आणि महिन्यातून दोनदा म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात एक तारीख आणि पंधरा तारीख. बोलताना सगळे एकाच अर्थाने वापरतात आणि कुणाचं काही अडत नाही, पण वर्षभराचा ठेका घेतलात की अडतं.

सरळ गणित आहे. महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षाला २४ कापण्या. दर चौदा दिवसांनी म्हणजे २६. वर्षाचे आठवडे ५२ असतात, ४८ नाही. आता समजा एका बंगल्याचं दीड हजार स्क्वेअर फूट लॉन आहे आणि कापणीला तुम्ही ६०० रुपये धरलेत. तुम्ही महिन्याला १,२०० सांगून मोकळे झालात, वर्षाचे १४,४००. पण पोरं जातायत दर दुसऱ्या मंगळवारी, म्हणजे २६ वेळा, म्हणजे काम झालं १५,६०० चं. बाराशे रुपये तुम्ही स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाला दिलेत, त्याने मागितलेही नव्हते. असे २५ बंगले असतील तर ३० हजार. चौदा दिवसांनीच जायचं असेल तर महिन्याचा आकडा १,३०० पाहिजे. दर आठवड्याच्या गिऱ्हाइकाचंही तेच, चार कापण्यांनी गुणून महिना सांगितला की वर्षाच्या चार कापण्या फुकट.

पैशाचं एवढंच, पाच मिनिटांत कळतं. कॅलेंडरचं कळायला मला जास्त वेळ लागला.

एक तारीख पंधरा तारीख असं ठेवलंत की वार हातातून जातो. २०२६ चंच बघा, १ फेब्रुवारी रविवार, १५ फेब्रुवारी रविवार, १ मार्च रविवार आणि १५ मार्च पण रविवार. सलग चार खेपा रविवारीच, आणि रविवारी सकाळी मोवर सुरू केला की वरच्या गॅलरीतून जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे लिहीत नाही. १ मे ला पोरांना सुट्टी. १५ ऑगस्टला सोसायटीत झेंडावंदन, त्या दिवशी कापून उपयोग नाही, कापलेलं असायला पाहिजे. शिवाय सगळ्या गिऱ्हाइकांना एक आणि पंधराच पाहिजे असते, म्हणजे त्या दोन दिवशी दहा ठिकाणी धावायचं, एक वारजे एक विमाननगर, निम्मा दिवस नळ स्टॉपच्या सिग्नलला, आणि मधले दिवस पोरं मोबाईल बघत बसलेली.

दर चौदा दिवसांनी गेलात की वार पक्का राहतो. मंगळवार म्हणजे बाणेर-पाषाण-औंध, बुधवार कोथरूड-बावधन. एका पट्ट्यातले पाच बंगले एका दिवसात होतात, गाडी दोन वेळा उभी केली तरी पुरतं. रेट कमी ठेवूनही पैसे सुटतात ते इथे, गवत कापण्यात नाही. गाडीत बसून गेलेल्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

मग काही जण हुशारी करतात, मी पण केली होती, 'पहिला आणि तिसरा मंगळवार' असं ठरवतात. वार पण पक्का आणि महिन्याला दोनच, बिल सोपं. ऐकायला झकास. पण ज्या महिन्यात पाच मंगळवार येतात तिथे फसतं. जून २०२६ मध्ये मंगळवार आहेत २, ९, १६, २३, ३०. तिसरा मंगळवार १६ जून आणि पुढचा पहिला मंगळवार थेट ७ जुलै. एकवीस दिवस! ऐन पाऊस लागल्यावर! त्या लॉनवर मोवर चालतच नाही, आधी ग्रास कटर मारा, गवत गोळा करा, मग मोवर, आणि एवढं करून खाली पिवळा पडलेला भाग दिसतो ते वेगळंच.

पिवळं का पडतं ते नवीन लोकांसाठी सांगतो. एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घ्यायचं नाही. लॉन दोन इंचावर ठेवायचं असेल तर तीन इंच झालं की कापा. पाच इंच होऊ दिलंत आणि एकदम दोनवर आणलंत तर हिरवा भाग सगळा जातो, खालचे देठ उघडे पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही लॉन जाळलंत. एक-पंधरा तारखेच्या पद्धतीत १५ जुलै ते १ ऑगस्ट हे अंतर सतरा दिवसांचं पडतं. जुलैमधले ते जास्तीचे तीन दिवस तुम्हाला कॅलेंडरवर दिसत नाहीत, लॉनवर दिसतात. आपल्याकडचं बरंचसं लॉन बर्म्युडा जातीचं, म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा पण तीच. तिला ऊन आणि पाणी एकदम मिळालं की ती ऐकत नाही.

आता उलट बाजू. दर चौदा दिवसांत एक भानगड आहे आणि ती गिऱ्हाइकाला आधीच सांगायची. वर्षातल्या दोन महिन्यांत कापण्या तीन येतात. ६ जानेवारी २०२६ च्या मंगळवारपासून धरलं तर मार्चमध्ये ३, १७, ३१ आणि सप्टेंबरमध्ये १, १५, २९. कापणीगणिक बिल लावत असाल तर त्या महिन्यात १,२०० च्या जागी १,८०० जातं आणि फोन येतो. सहकारनगरच्या एका काकांनी मला भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणून दाखवलं होतं, "मार्चमध्ये तुम्ही तीनदा कसे आलात?" मी म्हटलं काका, आलो ना, गवत कापलं ना. ते म्हणाले, "आलात हो, पण बोलावलं कुणी?" मुद्दा त्यांचा बरोबर होता, मी त्यांना महिन्यातून दोनदाच सांगितलं होतं. सहाशे सोडले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरात पैसे देण्याच्या दोन पद्धती आहेत. दूधवाल्याचा खाडा असतो, आला नाही त्या दिवसाचे पैसे कापायचे, जास्तीचं अर्धा लिटर घेतलं तर लिहायचं. आणि माळीकाकांचा महिना असतो, फेब्रुवारी असो की मार्च, पाकीट तेवढंच. गिऱ्हाईक तुम्हाला यातल्या एका खान्यात टाकून मोकळं होतं, आणि गंमत म्हणजे आपल्या सोयीने टाकतं. तुम्ही एकदा कमी आलात की तुम्ही दूधवाले, एकदा जास्त आलात की माळीकाका. म्हणून आपण कोण ते पहिल्या दिवशी आपणच सांगायचं.

मी काय करतो ते सांगतो, बरोबरच असेल असा दावा नाही. मी वर्षाच्या कापण्या मोजतो. आणि खरं तर चौदा दिवस पण वर्षभर चालत नाहीत, गवताला कुठे माहितीये. जून ते सप्टेंबर दर दहा दिवसांनी, १२२ दिवसांत १२ कापण्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर चौदा दिवसांनी, ४. डिसेंबर-जानेवारीत हरळी थंडीने झोपते, तीन आठवड्यांनी एकदा पुरतं, ३. फेब्रुवारी ते मे परत चौदावर, ९, तेही पाणी असेल तर, टँकरवर आलेल्या सोसायटीत लॉनला कोण पाणी घालतं. एकूण २८. गुणिले ६०० म्हणजे १६,८००, भागिले बारा, महिन्याला १,४००. पावसाळ्यात चार वेळा आलो तरी १,४०० आणि जानेवारीत एकदाच आलो तरी १,४००. (दहा दिवसांत वार सरकतो हे खरंय, पावसाळ्यात मी ते सोसतो, तसंही पाऊस वार ठरवू देत नाही.)

यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. एक गिऱ्हाईक जूनला सुरू झालं आणि सप्टेंबर संपल्यावर म्हणालं की आता बंद करू, घरी बघतो आम्हीच. चार महिन्यांत १२ कापण्या झाल्या होत्या, म्हणजे ७,२०० चं काम, आणि माझ्याकडे आले होते ५,६००. हप्ता सारखा ठेवला की पावसाळ्यात तुम्ही गिऱ्हाइकाला उधारी देता आणि हिवाळ्यात वसूल करता, हे धंदा करणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तेव्हापासून कोटेशनमध्ये एक ओळ टाकतो: मध्येच बंद केल्यास झालेल्या कापण्या गुणिले ६०० आणि जमा झालेले हप्ते यातला फरक दोघांपैकी ज्याचा निघेल त्याला द्यायचा. 'दोघांपैकी' हा शब्द महत्त्वाचा, त्याने गिऱ्हाईक शांत होतं. जानेवारीत सुरू करणाऱ्याचं तर आपल्याकडेच जास्त जमा असतं.

पाऊस पडला आणि जाता आलं नाही तर काय, हा पण त्याच गोंधळाचा भाऊ. ओल्या गवतावर मोवर नेला की चाकाचे चर पडतात आणि गवताचे गोळे चिकटून बसतात. चौदा दिवसांच्या बोलीत कापणी एक-दोन दिवस पुढे सरकते आणि पुढचा मंगळवार तिथेच राहतो, म्हणून मी शनिवार रिकामाच ठेवतो. महिन्यातून दोनदाच्या बोलीत मात्र २९ तारखेला पाऊस आला आणि दुसरी कापणी पुढच्या महिन्यात गेली की लगेच, "या महिन्यात एकदाच आलात, सहाशे कमी करा." आणि पुढच्या महिन्यात तीन झाल्या तरी ते सहाशे परत येत नाहीत, काका लोक त्या बाबतीत एकदम पक्के.

आणखी एक गैरसमज. आठवड्याने कापायचं आणि चौदा दिवसांनी कापायचं याचा कापणीचा रेट सारखा नसतो. चौदा दिवसांचं गवत जास्त, मोवरचा डबा जास्त वेळा रिकामा करायचा, कडा धरायला वेळ. माझ्याकडे त्याच दीड हजार फुटाला आठवड्याला गेलो तर अर्धा तास लागतो, चौदा दिवसांनी पाऊण तास. म्हणून आठवड्याच्या गिऱ्हाइकाला मी ६०० ऐवजी ४५० लावतो. पण निम्मे नाही हां! गाडी, पेट्रोल, उतरवणं-चढवणं तेवढंच. 'दुप्पट वेळा येताय तर निम्म्यात या' म्हणणाऱ्याला हसून चहा प्यायचा आणि निघायचं.

सोसायट्यांना मात्र मी अजून महिन्यातून दोनदाच देतो, आणि मुद्दाम. कमिटीला दर महिन्याला सारखं बिल लागतं, तीन कापण्यांचा महिना सेक्रेटरी बदलला की परत समजावायचा, कोण करेल. तिथे २४ चे पैसे घेतो, २४ च करतो, तारखा मी ठरवणार असं लिहून घेतो, आणि पावसाळ्यातल्या वरच्या चार कापण्या 'जादा' म्हणून वेगळ्या रेटने. झेंडावंदनाच्या आदली एक आणि गणपतीच्या आदली एक, या दोन तर ते स्वतःच फोन करून मागतात.