उघडा डीएनए शोधताना

रोपाच्या मुळातल्या आणि पानातल्या पेशींत डीएनए एकच असतो. तरी एक पेशी जमिनीतलं पाणी शोषते, दुसरी उन्हात साखर बनवते. कुठल्या पेशीत डीएनएचा कुठला भाग मोकळा आहे, यावर यातलं बरंच काही ठरतं. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, एकेका गुंडाळीत साधारण 147 बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या. गुंडाळी घट्ट असेल, तर जनुकं चालू-बंद करणाऱ्या बहुतेक प्रथिनांना तिथे शिरता येत नाही.

हे मोकळे भाग हुडकण्याची अटॅक-सीक ही पद्धत 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडली. टीएन-5 नावाचं एन्झाइम केंद्रकात सोडायचं. वाट मिळेल तिथे ते डीएनए कापतं आणि कापलेल्या टोकांना ओळखीचा तुकडा जोडतं. मग कापले गेलेले डीएनएचे तुकडे वाचायचे. जिथे काप जास्त, तिथे डीएनए उघडा.

वनस्पतींत मात्र खरी कसोटी त्याआधीच लागते. केंद्रकापर्यंत पोचण्यासाठी पेशीभित्तिका एन्झाइमांनी विरघळवायच्या, तर तासन्‌तास जातात आणि त्या धक्क्याने पेशीतली जनुकंच वेगळी वागू लागतात. म्हणजे आपणच केलेली ढवळाढवळ आपण मोजणार! म्हणून पान बर्फगार द्रावणात ब्लेडने बारीक चिरतात, गाळतात आणि केंद्रकं वेगळी करतात. पण सोबत हरितलवकंही येतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, त्याच्या प्रती ढिगाने असतात आणि त्यावर हिस्टोन नसतात. टीएन-5 त्यावर तुटून पडतं. केंद्रकं स्वच्छ नसतील, तर वाचलेल्या तुकड्यांतला मोठा हिस्सा हरितलवकांचाच निघतो. कौतुक संगणकावरच्या आलेखांचं होतं, पण प्रयोगाचं भवितव्य या गाळण्या-निवडण्यातच ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

एवढा खटाटोप का, ते मक्यात दिसतं. त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, सुमारे 2.3 अब्ज बेसजोड्यांचा, त्यातला 80 टक्क्यांहून जास्त भाग उड्या मारणाऱ्या, म्हणजे डीएनएत जागा बदलू शकणाऱ्या जनुकांनी आणि त्यांच्या अवशेषांनी व्यापलेला. मोकळा भाग जेमतेम एखादा टक्का. मक्याच्या फांद्या आवरणाऱ्या टीबी-1 जनुकाचा एक नियंत्रक, म्हणजे त्याचं काम कमी-जास्त करणारा डीएनएचा भाग त्या जनुकापासून सुमारे 60 हजार बेसजोड्या दूर आहे. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिन्टे, त्याला भरपूर फांद्या फुटतात, मका मात्र एका खोडावर उभा राहतो, यामागे त्या जागी घुसलेल्या एका उड्या मारणाऱ्या जनुकाचा मोठा हात आहे. इतक्या लांबचे नियंत्रक जनुकाच्या आसपास शोधून सापडत नाहीत. उघड्या भागांचा नकाशा त्यांचा ठावठिकाणा सुचवतो.

अर्थात जागा उघडी आहे म्हणजे ती कामाचीच, असं नाही. ते तपासायला क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने नेमका तेवढाच तुकडा काढून रोप वाढवून पाहावं लागतं.