टेन्शन वेगळं, तलफ वेगळी

"टेन्शन आलं की एक बार लावतो, डोकं शांत होतं." हे वाक्य मी सांगलीच्या स्टँडवर ऐकलंय, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांना टेकून बसलेल्या हमालांकडून ऐकलंय, पेपर तपासताना आमच्या स्टाफरूममध्ये ऐकलंय, आणि घरात तर वीस वर्षं ऐकतोय. सांगणारा खोटं बोलत नसतो. डोकं खरंच शांत होतं. पण जे शांत झालं ते बहुतेक वेळा टेन्शन नसतं, तलफ असते, आणि ती तंबाखूच्या मागच्या बारानं आणलेली असते. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा घोळ रोज ऐकून घ्यावा लागतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

टेन्शन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे झटकन उजळणी. संकट दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएफ नावाचं रसायन सोडतो. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरी रक्तातून एसीटीएच नावाचा निरोप धाडते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. अॅड्रिनॅलिन त्याच्याही आधी धावलेलं असतं. छाती धडधडते, साखर रक्तात उतरते, माणूस धावायला किंवा भांडायला तयार होतो. पुढे कॉर्टिसॉल स्वतःच वर मेंदूला कळवतं की आता पुरे, आणि यंत्रणा खाली बसते. संकटाला तोंड द्यायची ही सोय आहे, आजार नव्हे.

आता तलफ. कृपा करून तिला 'क्रेव्हिंग' म्हणू नका. तलफ हा नेमका शब्द आहे, आणि तो घेऊन आपल्या आज्या-पणज्यांनी मिश्री भाजलेली आहे.

तंबाखू तोंडात गेली की निकोटिन मेंदूतल्या अॅसिटिलकोलिन या निरोप्या रसायनासाठी राखलेल्या जागा पकडतं. (चुना कशाला लावतात ठाऊक आहे ना? चुन्यानं माध्यम अल्कधर्मी होतं, आणि तशा माध्यमात निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर शिरतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं शोधलेलं रसायनशास्त्र आहे ते.) रोजचा मारा सुरू झाला की मेंदू या जागांची संख्या वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की बोंब मारतात. निकोटिनचा अर्धा साठा साधारण दोन तासांत रक्तातून निघून जातो. म्हणजे आठ तास झोपून उठलेल्या माणसाच्या अंगात रात्रीच्या तंबाखूचा जेमतेम सोळावा हिस्सा उरलेला असतो. त्यात जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल तसंही दिवसातल्या सगळ्यांत वरच्या पातळीला जातं, ते तर तंबाखूला हात न लावणाऱ्याचंही जातं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की "मिश्री लावल्याशिवाय मला माणूस ओळखू येत नाही" असं म्हणणारी काकू तयार होते.

घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबतो.

चिडचिड, जीव घाबरणं, हाताला कंप, कशात लक्ष न लागणं, पोटात कालवाकालव. ही यादी टेन्शनची की तलफेची? दोन्हींची. आणि हा योगायोग नाही, खालची यंत्रणाच बरीचशी सामाईक आहे. मघाशी ज्या सीआरएफचं नाव घेतलं, ते फक्त हायपोथॅलॅमसपुरतं नसतं. भीती आणि धोक्याचा हिशेब ठेवणाऱ्या अमिग्डला नावाच्या भागातही ते असतं, आणि तिथे ते रक्तात न उतरता मेंदूतल्या मेंदूतच धोक्याची घंटा वाजवतं. जॉर्ज कूब आणि मिशेल ल मोआल या मेंदूशास्त्रज्ञांनी व्यसनाची ही काळी बाजू पुढे आणली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दारू काढून घ्या, निकोटिन काढून घ्या, अफूजन्य औषध काढून घ्या, प्रत्येक वेळी अमिग्डलातली सीआरएफची घंटा वाजू लागते. पदार्थ परत दिला की गप्प बसते.

म्हणजे तलफ ही नुसती 'इच्छा' नाही. ती टेन्शनच्याच तारांवर वाजणारी खोटी घंटा आहे. आग लागलेली नसते, पण ऐकणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. मग तो आजूबाजूला आग शोधतो, आणि संसारात आग कुठे ना कुठे सापडतेच: सोसायटीचं कर्ज, पोराचे मार्क, बायकोचा टोमणा. 'याच्यामुळे टेन्शन आलं' असं नाव पडतं. बार लावला की घंटा थांबते, आणि तंबाखूला श्रेय मिळतं टेन्शन घालवल्याचं.

वर गंमत अशी की शरीराच्या हिशेबात तंबाखू टेन्शन घालवत नाहीच. निकोटिन नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं, अॅड्रिनॅलिन सोडायला लावतं आणि कॉर्टिसॉलही वर ढकलतं. दारूचंही तसंच. भरपूर प्यायल्यावर कॉर्टिसॉल वाढतं, उतरतानाही वाढतं. ज्याला आपण 'ताण हलका करणं' म्हणतो, त्या वेळी ताणाची यंत्रणा कामाला लागलेली असते. अफूजन्य पदार्थांची चाल थोडी निराळी आहे. अंमल असेपर्यंत ते ही यंत्रणा दाबून ठेवतात, आणि अंमल उतरला की ती दुप्पट जोरानं उसळते.

मग ओळखायचं कसं? माझं उत्तर एकच: घड्याळ. टेन्शनला कारण असतं, तलफेला वेळापत्रक असतं.

हे मला पुस्तकानं नाही, आमच्या तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे माझे चुलते, पलूसकडे शेती. ऊस तुटायची वाट बघून वैतागलेले. मी म्हटलं, "तात्या, एक काम करा. बार लावला की कॅलेंडरवर टाइम लिहा." "आता मला शाळंत घालतोस व्हय रं?" असं म्हणत का होईना, त्यांनी आठवडाभर लिहिलं. नंतर कॅलेंडर उलटं करून आम्ही ओट्यावर बसलो. एका दिवशी टोळी येणार होती ती आली नाही, दिवसभर फोनाफोनी, शिव्याशाप. दुसऱ्या दिवशी भाचीचा साखरपुडा, फेटा बांधून मिरवणं, ना चिंता ना काळजी. आकडे बघा: सहा दहा, साडेसात, नऊ, सव्वादहा. आणि दुसऱ्या दिवशी: सहा पाच, साडेसात, नऊला पाच कमी, सव्वादहा. टोळीच्या दिवशी संध्याकाळी दोन बार जास्त, एवढाच फरक. तात्या बराच वेळ त्या चौकटींकडे बघत राहिले.

ते दोन जास्तीचे बारही खोटे नव्हते, हे कबूल करायला हवं. खरं टेन्शन तलफ जागी करतं, आणि सोडलेली तंबाखू महिन्यांनी परत सुरू होते तेव्हा मागे बहुधा एखादा खराखुरा धक्का असतो. घंटेच्या तारा सामाईक आहेत म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण दिवसाच्या दहा-बारा बारांतले दोन टेन्शनचे असतील, तर उरलेल्यांचं बिल टेन्शनच्या नावावर फाडू नका.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. सवय आणि व्यसन: चहाच्या आधी पेपर वाचणं ही सवय, पेपर नाही मिळाला तर हात थरथरत नाहीत, झालं. कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून 'टेन्शन मोजून' देणाऱ्यांवर पैसे घालवू नका. ते तासातासाला बदलतं, आणि अमिग्डलातली घंटा तर रक्तात दिसतच नाही. आणि डोपामीनला 'आनंदाचं रसायन' म्हणणारे व्हिडिओ बघून माझं डोकं उठतं. वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूशास्त्रज्ञानं माकडांवर दाखवलं की शिकून झाल्यावर डोपामीनच्या पेशी रस मिळाल्यावर नाही, रस मिळणार असा इशारा दिसल्यावर उसळतात. तात्यांना बरं वाटायला लागतं ते चंची सोडताना, तळहातावर अंगठा फिरायला लागला की. निकोटिन अजून रक्तात पोचलेलंही नसतं.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. तंबाखू एका दिवसात सोडली तर जीव वैतागेल, पण जाणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो. दारू मेंदूला वर्षानुवर्षं दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलटा जोर लावून बसलेला असतो. दाब काढला की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम, भास, थरथर, ताप. आपल्याकडे माणूस एकादशीला माळ घालतो, दारू सोडतो, तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टर गाठा. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' उभं केलं ते व्यसनमुक्तीसाठीच, आणि त्या कामात डॉक्टर आणि औषधं का लागतात त्याचं उत्तर या तीन-चार दिवसांत आहे. 'मनोबल पाहिजे' हे वाक्य झटके आलेल्या माणसाला ऐकवू नका.

तंबाखूची तलफ सोडल्यावर काही तासांत सुरू होते, दोन-तीन दिवसांत शिगेला जाते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. पुढे काय होतं? २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र तपासून छापलं गेलं की सिगारेट सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी होतात. खोटी घंटा बंद झाल्यावर घर शांत होणारच. निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या मिळतात, १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथे बोलायला माणूस मिळतो.

तात्यांनी दिवाळीनंतर चंची आढ्याला टांगली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"लई टेन्शन आलंय रं."

"कशाचं, तात्या?"

पलीकडून बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज.

"च्यायला," तात्या म्हणाले, "ऊस तर कालच गेला की."